न्येपीच्या दिवशी हरवलेला बेलांग

१

न्येपीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरोघरी जातो, कॉफी पितो आणि वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं जे काही चुकलं असेल त्याची एकमेकांकडे माफी मागतो. यंदा मात्र सकाळच उजाडली ती बोंबाबोंबीनं.

"बेलांग गेला! बेलांगला कोणीतरी पळवलं!"

ओरडत होते आमचे पेकाक मास्त्रा. पेकाक म्हणजे आजोबा; गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना तसंच म्हणतात. आयुष्यभर लग्नांत आणि देवळांच्या उत्सवांत लाउडस्पीकर लावणारा हा माणूस, त्याचा आवाज मुळातच मोठा. मी कॉफीचा पेला तसाच टाकून धावलो.

मी धावलो त्याला कारण होतं. न्येपीला, आमच्या नव्या वर्षाच्या मौनाच्या दिवशी, अख्खं बेट घरात बसतं. चूल नाही, दिवा नाही, आवाज नाही, रस्त्यावर पाऊल नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. बाहेर फिरण्याची मुभा फक्त आम्हा पचालांगांना, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र कमरेला गुंडाळून वस्ती राखणाऱ्यांना. आणि आमच्या गल्लीच्या पहाऱ्यावर काल होतो मी, नंगाह रापुग. म्हणजे चोरी झाली असेल तर एक तर मी आंधळा, नाही तर मीच चोर. लोक माझ्याकडे बघत होते त्यावरून त्यांचं दुसऱ्यावर एकमत होत आलं होतं.

साहजिकच माझं डोकं फिरलं. गल्लीच्या मधोमध उभा राहून मी ओरडलो, "ज्यानं कोणी हात लावला असेल त्याचे हात मोडून ठेवीन! माझ्या पहाऱ्यात चोरी?"

माफीच्या दिवशी असं बोलू नये हे मला कळतं. पण तेव्हा कळलं नाही, हे खरं.

अंगणात दादोंग रांती, म्हणजे रांतीआजी, पेकाकांची बायको, ओट्यावर बसून होत्या. मांडीवर कानांगांचं ताट. नारळाच्या कोवळ्या पानाची ती चौकोनी ताटली, त्यात फुलं, भाताची चार शितं, वर उदबत्ती. रोज सकाळी दादोंग स्वतः उठून देव्हाऱ्यापासून दारापर्यंत जागोजागी कानांग ठेवत येतात. आज फक्त दारातला एक मांडलेला होता, तोही पेकाकांनी. बाकीचं ताट तसंच भरलेलं.

"दादोंग, अजून ठेवले नाहीत?"

"कशी ठेवू रे?" त्या म्हणाल्या. "घुंगरू कुठे आहे?"

२

बेलांग म्हणजे काय ते सांगतो.

दादोंगची नजर गेल्या वर्षी गेली. मुलगा सुदिर्ता शहरात, देनपसारला असतो, बरी नोकरी आहे. तो म्हणाला, आई, इथलं बंद कर, माझ्याकडे चल. दादोंगना जायचं नव्हतं. तिथे अंगण नाही, देव्हारा गच्चीवर, आणि खाली उतरायचं तर लिफ्ट. पण अंगणात त्या दोनदा पडल्या, आणि मग त्यांच्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा पेकाकांनी जुन्या स्पीकरांचे लोखंडी सांगाडे, खेळण्यांतल्या मोटारी आणि पुतण्याकडून मागवलेला एक छोटा कॅमेरा घेऊन कुत्रा करायला घेतला. कुत्रा म्हणजे पिल्लाएवढा, पायांच्या जागी रबरी चाकं. दूरच्या बटणावर चालणारं खेळणं नव्हे ते. आपल्या आपण चालायचा, भिंत डावीकडे धरून अंगणभर फिरायचा, भूक लागली की स्वतःच चार्जरकडे जाऊन बसायचा. चार्जरवर एक बारीक दिवा असतो, तो बघून. अंगाला पांढरे-काळे पट्टे, म्हणून नाव बेलांग. गळ्यात घुंगरू. दादोंग त्या घुंगराच्या मागून चालायला लागल्या आणि पुन्हा पडल्या नाहीत.

सुरुवातीला बेलांगनं एक घोटाळा केला. दारातल्या जळत्या उदबत्तीवरून, कानांगवरून सरळ चाक नेलं. दादोंगनी असं झाडलं की पेकाक तीन दिवस कोपऱ्यात बसून त्याला कानांगांचे फोटो दाखवत होते. तेव्हापासून कानांग दिसला की बेलांग थांबायचा, वळायचा आणि परत फिरायचा. आईच्या संस्कारांचं असं चीज गल्लीत कोणाच्याच मुलानं केलं नाही.

"आता काय, ब्ली," सुदिर्ता मला बाजूला घेऊन म्हणाला. ब्ली म्हणजे दादा. तो न्येपीसाठी आला होता. "संध्याकाळी आईला घेऊनच निघतो. दुसरा कुत्रा करायला बाबांना वर्ष लागेल. वर्षभर तिनं ओट्यावर बसून राहायचं का?"

दादोंगना ऐकू चांगलं येतं. त्यांनी ताटातला एक कानांग उचलला आणि उगाच त्याची फुलं सरळ करत बसल्या.

तेवढ्यात दारात छत्री आपटल्याचा आवाज आला आणि गर्दी आपोआप दुभंगली. रास्मिनीबाई आल्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांना या बाईंनी गणित शिकवलं आहे आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवायचा प्रयत्न केला आहे. मी दुसऱ्या निम्म्यातला.

"रापुग," बाई म्हणाल्या, "हात मोडायचं नंतर बघू. आधी मला सांग, शेवटचा कोणी पाहिला?"

३

शेवटचा पाहिला पेकाकांनीच, काल जेवणवेळ टळल्यावर. जेवणवेळ म्हणायची आपली पद्धत, उपास होता.

"मी त्याला बंद करणार होतो," पेकाक म्हणाले. "काल काम नाही, दिवा नाही. यंत्रानंही पाळायला नको का? पण ही म्हणाली, आपण घरातल्या घरात फिरतोच ना, मग त्या मुक्या जिवाला का बांधून ठेवता? म्हणून डोळ्यांच्या दिव्यांवर पट्टी चिकटवली, घुंगरू काढून खिळ्याला अडकवलं आणि सोडला. वीज मात्र मी मुख्य खटक्यावरून बंद केली होती. मग डोळा लागला. उठलो तर नाही. अंधार पडत आलेला, दिवा लावता येत नाही, हाक मारता येत नाही. सकाळची वाट बघत बसलो दोघं."

"रस्त्यावर गेला असेल?"

"बाई, इतक्या महिन्यांत एकदा तरी गेला का? दार तर उघडंच असतं, आमच्या दाराला कवाडच नाही. पण आत आडभिंत आहे. आडभिंत दिसली की तो मागे फिरतो."

दारासमोरची ती बुटकी भिंत आमच्या सगळ्यांच्याच घरांत असते, भुताखेतांना सरळ आत शिरता येऊ नये म्हणून. बाईंनी मान हलवली आणि चौकशीला लागल्या. मी त्यांच्या मागे. संशयितानं संशयितांची चौकशी ऐकत फिरायचं, हे आमच्याच गल्लीत घडू शकतं.

पहिला कादेक बुडियासा, तरुण मंडळाचा म्होरक्या. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह निघतात, बांबू-कागदाचे अवाढव्य राक्षस. कादेकला यंदा राक्षसाची मान फिरवायची होती. त्यासाठी त्यानं बेलांगच्या मोटारी मागितल्या, पेकाकांनी नाही म्हटलं आणि दोघांची चौकात जुंपली होती.

"मान फिरली नाही ना रे?" बाईंनी विचारलं.

"कशी फिरणार!" कादेक उसळला. "शेजारच्या वस्तीची पोरं म्हणाली, तुमच्या राक्षसाला लचक भरली काय! राग आहेच, बाई, लपवत नाही. पण मिरवणूक संपली, राक्षस जाळून झाला. आता त्या मोटारी घेऊन काय माझी मान फिरवू?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "बरोबर. चोरायचंच असतं तर तू आदल्या दिवशी चोरला असतास."

दुसरा सुदिर्ता. त्याला बाईंनी आडून काहीच विचारलं नाही. "बेलांग नसला तर आई तुझ्याकडे येते. तुझा फायदा आहे."

त्याचा चेहरा उतरला. "फायदा? बाई, काल ती दिवसभर खुश होती. मौन पाळत होती, पण हाताला धरून मला दाखवत होती, इथून इथपर्यंत मी एकटी जाते म्हणून. हे हिरावून घेऊन मी तिला नेणार होय? तिला न्यायचं तर तिच्या मर्जीनं." आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. नंतर आम्ही त्याची पिशवी आणि मोटरसायकलची डिकी पाहिली. त्यानंच आग्रह केला.

तिसरा लेचिर. पेकाकांच्या डाव्या हाताचं घर. बायको गेल्यापासून हा माणूस एका काळ्या कुत्र्याबरोबर राहतो आणि गल्लीशी भांडतो. तो काळा सेलेम बेलांगला बघून दिवसभर भुंकायचा, आणि लेचिर भिंतीवरून ओरडायचा, "तो पत्र्याचा डबा एक दिवस नदीत फेकून देईन!" हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

आज त्याचं दार ओढलेलं. बाई पेकाकांशी बोलत होत्या तेव्हा मीच जाऊन दार ठोठावलं होतं.

"लेचिर! बेलांगला तू चोरलंस का?"

आतून आवाज आला, "मी कशाला चोरू? जा इथून, चौकडीवाल्या! बरं नाही मला."

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तो कॉफीला आला नाही आज?"

"नाही."

"दरवर्षी?"

मला आठवून बघावं लागलं. दरवर्षी, कितीही भांडण असलं तरी, न्येपीनंतरच्या सकाळी मास्त्रांच्या ओट्यावर पहिला लेचिरच असतो. दादोंगच्या हातचा आंबवलेला भात त्याला लागतो. दोन वाट्या खातो आणि मग माफी मागतो.

"म्हणजे त्यानंच!" मी काठी सावरली.

"रापुग, खाली ठेव ती," बाई म्हणाल्या. "तू पहाऱ्यावर होतास. लेचिर दाराबाहेर पडलेला दिसला?"

"नाही. चौकातून त्याचं दार सरळ दिसतं. दुपारभर मी तिथेच होतो. माणूस सोडा, माणसाची सावली हलली नाही. कोणीच बाहेर पडलं नाही."

"मग कोणी चोरला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू आंधळा नाहीस आणि चोरही नाहीस. तू माणूस दिसतो का ते बघत होतास. गुडघ्याएवढं, मुकं, भिंतीला घासून जाणारं काही तू बघत नव्हतास."

४

बाई परत मास्त्रांच्या अंगणात आल्या आणि दादोंगजवळ ओट्यावर बसल्या.

"रांती, काल सकाळी दारात काय ठेवलं होतंस?"

"काल?" दादोंगना प्रश्न विचित्र वाटला. "काल काय ठेवणार? न्येपीला अग्नी नाही, काम नाही. कानांग करतच नाही आपण."

"आणि परवा संध्याकाळी भुतांसाठी ठेवलेला रंगीत भात?"

"तो कुत्र्यांनी तेव्हाच फस्त केला. पेकाक झाडून आले."

"म्हणजे काल दार मोकळं होतं," बाई म्हणाल्या. "मास्त्रा, तो कुत्रा करण्याआधी तू एक करून बघितला होतास ना?"

पेकाकांनी माळ्यावरून बेलांगचा थोरला भाऊ काढला. फळीवर बिस्किटांचा डबा, त्याला चाकं, पुढे कॅमेरा. डोकं तेच, शिकवण तीच; बेलांगला जे जे शिकवलं ते पेकाकांनी यालाही शिकवलं होतं. रूप मात्र कोणीही माया करावी असं नव्हतं. पेकाकांनी त्यात भरलेली बॅटरी घातली आणि सोडलं.

डबा डावीकडची भिंत धरून खडखडत निघाला. स्वयंपाकघर, कोठार, देव्हारा, मग आडभिंत. आडभिंतीला वळसा घातला, दाराशी गेला, थांबला, वळला आणि परत आला.

"बघा!" पेकाक म्हणाले. "आडभिंत दिसली आणि फिरला."

"आडभिंतीला तर त्यानं वळसा घातला, मास्त्रा. फिरला तो कुठे?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दारात पेकाकांनीच सकाळी ठेवलेला कानांग होता.

"रांती, उदबत्ती संपली का?"

दादोंगनी श्वास घेतला. "संपली. केव्हाच."

"मग तू उचल."

सुदिर्तानं हात धरून त्यांना दारापर्यंत नेलं. त्यांनी वाकून, चाचपून कानांग उचलला. डबा पुन्हा फिरून आला, आडभिंतीला वळसा घालून दाराशी गेला, आणि या वेळी थांबलाच नाही. मोटरसायकल चढवायला केलेल्या उतारावरून सरळ गल्लीत उतरला.

पेकाकांनी कपाळावर हात मारला. "इतके दिवस मला वाटायचं मी त्याला दार शिकवलं."

"तू त्याला कानांग शिकवलास," बाई म्हणाल्या. "आणि वर्षातून एकदाच आपण तो ठेवत नाही. काल वीज बंद, चार्जरचा दिवा बंद. पोर भुकेलं, दिवा शोधत निघालं, आणि त्याला अडवायला दारात काही नव्हतं. कोणीच काही वाईट केलं नाही, बाबांनो. आता बडबड न करता या डब्याच्या मागे चला."

५

आमच्या गल्लीत अशी मिरवणूक कधी निघाली नव्हती. पुढे बिस्किटांचा डबा, मागे छत्री घेतलेल्या बाई, मागे दादोंगना धरून सुदिर्ता, मग पेकाक, मी आणि अख्खी वस्ती. कादेकच्या टोळक्यातल्या एकानं झांजा काढल्या होत्या. बाईंनी नुसतं वळून बघितलं आणि त्या झांजा गप्प झाल्या.

डबा डावीकडची भिंत सोडायला तयार नव्हता. भिंत संपली तिथे उतार आला. उतारावरून तो वर चढला आणि दाराशी जाऊन थांबला.

लेचिरचं दार. आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं, खाली उंबरठा नाही. आणि समोर कानांग. बायको होती तेव्हा या दारातला कानांग गल्लीत सगळ्यात देखणा असायचा. आता लेचिर स्वतः करतो. पानं वेडीवाकडी कापलेली, फुलं एका बाजूला कललेली, पण रोज असतो.

डबा वळून परत निघाला. पेकाकांनी त्याला उचलून पुन्हा समोर ठेवला. मी पुढे झालो, कानांग बाजूला सारायला वाकलो.

"हात लावू नकोस," बाई हळू म्हणाल्या. "घर त्याचं, कानांग त्याचा. बाजूला करायचा की नाही, ते तो ठरवेल."

आम्ही उभे राहिलो. एवढी माणसं, पण कालच्यासारखीच शांतता.

दार उघडलं. लेचिर बाहेर आला. त्यानं गर्दीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग दादोंगकडे. गुडघ्यावर बसला, उदबत्ती विझल्याची खात्री करून दोन्ही हातांनी कानांग उचलला आणि बाजूला ठेवला.

डबा खडखडत आत गेला. आम्ही मागोमाग. मागच्या पडवीत सेलेम पसरला होता, आणि त्याला टेकून, गोणपाटाखाली, बेलांग.

"काल दुपारी आपणहून आला," लेचिर म्हणाला. "सेलेमपाशी गेला आणि बंद पडला. मी काय करणार? परत द्यायला बाहेर पडलो असतो तर हा चौकडीवाला धावून आला असता. हाक मारावी तर मौन. म्हटलं, सकाळी कॉफीला जाताना काखेत घालून नेतो. आंघोळ करून निघालोसुद्धा. दाराशी आलो तर रस्त्यावर कोणीतरी ओरडत होतं, हात मोडून ठेवीन म्हणून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नदीत फेकीन असं मीच म्हणायचो ना," लेचिर पुढे म्हणाला. "माझ्याकडे सापडला असता तर कोणी विश्वास ठेवला असता? मागे फिरलो आणि दार ओढून बसलो. दर घटकेला वाढतच गेलं ते. रात्रभर सेलेम त्याला चिकटून झोपला हो. आता भुंकतसुद्धा नाही."

मला भयंकर लाज वाटली. मी काठी भिंतीला टेकवली आणि सगळ्यांदेखत त्याला हात जोडले. "लेचिर, चुकलं माझं. बोलण्यानंही आणि मनानंही."

"तू मला विचारलंस, चोरलं का," तो म्हणाला. "इथे आहे का, असं विचारलं असतंस तर कदाचित सांगितलं असतं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीतला वर्ग आठवला.

लेचिर दादोंगपुढे येऊन उभा राहिला. "दादोंग, मला..."

"माफी आज सगळेच मागतायत," दादोंग म्हणाल्या. "तू भात खायला का नाही आलास ते आधी सांग. दोन वाट्या काढून ठेवल्यात सकाळपासून." मग हात पुढे करून त्यांनी विचारलं, "भिजला नाही ना रे तो?"

"नाही. दव पडेल म्हणून गोणपाट घातलं होतं."

पेकाकांनी डब्यातली बॅटरी काढून बेलांगच्या पोटात बसवली आणि डोळ्यांवरच्या पट्ट्या सोलल्या. सुदिर्ता धावत जाऊन खिळ्यावरचं घुंगरू घेऊन आला. ते दादोंगनी स्वतःच्या हातानं बांधलं, बोटांनी गाठ दोनदा तपासली.

बेलांग हलला. घुंगरू वाजलं. सेलेम उठून एकदा शेपटी हलवून परत बसला.

सुदिर्तानं आईचा दंड धरला. दादोंगनी त्याचा हात हळूच सोडवला.

"आई, इथे रस्ता आहे."

"माहीत आहे. तू मागून ये."

पेकाकांनी बेलांगला लेचिरच्या दाराबाहेर नेऊन तोंड घराकडे केलं, पोटातली कळ फिरवून भिंत या वेळी उजवीकडे धरायला लावली आणि सोडलं. दादोंग त्याच्या मागे निघाल्या. नजर गेल्यापासून त्या गल्लीत एकट्या चालल्या नव्हत्या. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो, वाट मोकळी ठेवून. घुंगरू पुढे, त्या मागे.

रास्मिनीबाई मात्र दादोंगनी मघाशी दारातून उचललेला कानांग घेऊन छत्री टेकत आधीच पुढे गेल्या होत्या. मास्त्रांच्या दारात त्यांनी तो होता तसा परत ठेवला आणि नवी उदबत्ती लावली.

बेलांग उतारावरून वर चढला, कानांगपाशी आला आणि थांबला. घुंगरू गप्प झालं.

दादोंगही थांबल्या. हात लांब करून त्यांनी दाराचा दगड चाचपला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की पेकाकांना आपले डोळे पुसावे लागले.

"आलं घर," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सुदिर्ता देनपसारला एकटाच गेला.